सेट व्हायला वेळ लागतो

त्या घरात ‘सेट’ हा शब्द मिठासारखा लागायचा, प्रत्येक गोष्टीत थोडा थोडा. बाहेरच्या खोलीत कवळ्या बनायच्या, पण कवळी म्हणायची तिथे बंदी होती. ‘कवळी म्हाताऱ्याची असते, सेट साहेबांचा असतो,’ असं दातवाले गिऱ्हाइकाला सांगायचे आणि बोळक्या तोंडाचं गिऱ्हाईक खुलायचं. प्लास्टर कालवून साच्यात ओतलं की ते सेट व्हायला ठेवायचं. मेणाच्या हिरडीवर एकेक दात बसवायचा, ते सेट लावणं. आतल्या कपाटात पाहुण्यांसाठी कपबशांचा सेट होता, त्याला हात लावायची कोणाची टाप नव्हती. टीव्हीवर मुंग्या आल्या की सेट गेला. मुलीचं लग्न जमलं की पोरगी सेट झाली. आणि दातवाल्यांचं कोणाशी बिनसलं की ते हातातली कानस खाली ठेवायचे, बोटांवरची पांढरी भुकटी फुंकायचे आणि शांतपणे म्हणायचे, ‘थांब, ह्याला सेट करतो.’ ओरडणं नाही, आदळआपट नाही. ओरडणाऱ्या माणसाची भीती नसते हो. भीती असते ती भुकटी फुंकणाऱ्याची.

त्यांची बायको मात्र दातवाल्यांची बायको म्हणून ओळखली जायची नाही. उलट होतं. दातवालेच माईकबाईंचे यजमान होते.

माईकबाई बस स्टँडवर गाड्या पुकारायची. चौकशीच्या खिडकीमागे काचेचं एक खोकं होतं, त्यात एक खुर्ची, एक माईक आणि डोक्यावर करकरणारा पंखा. बोलायच्या आधी ती पंखा बंद करायची, वाक्य संपलं की पुन्हा चालू. उन्हाळ्यात मानेवरून घाम ओघळायचा, पण आवाजाला कधी घाम फुटला नाही. चेहरा कोणाला ठाऊक नव्हता, आवाज सगळ्यांना. एकदा रस्त्यात तिने कोणा बाईला पत्ता विचारला, तर ती बाई दचकून म्हणाली, ‘अगंबाई, तुम्हीच का त्या!’ हे ती घरी चार दिवस सांगत होती.

तिचं एक लाडकं वाक्य होतं. ‘सकाळी साडेसहाची बस सात नंबरच्या फलाटावरून सुटण्यासाठी सज्ज आहे.’ बदलीवर येणाऱ्या नव्या मुलींची ह्या वाक्यात बोबडी वळायची, सगळा ‘स’चाच कारभार. ही मात्र लोण्यातून सुरी फिरवावी तसं ते म्हणायची. आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं, हेही आत्ताच सांगून ठेवते. नाहीतर पुढे तुम्ही तिला बिचारी म्हणाल. बिचारी बिचारी नव्हती ती.

एकदा ती डबा घरी विसरली. दातवाले डबा घेऊन स्टँडवर आले आणि गर्दीत कुठल्या खिडकीशी जावं ते न कळून दोन फलाटांच्या मधोमध उभे राहिले, डबा छातीशी धरून. बाईने काचेतून पाहिलं. पंखा बंद केला. माईक चालू केला.

‘दातवाले, दातवाले, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीपाशी या. आपली बायको उपाशी आहे, आणि तिचे दात अजून खरे आहेत.’

अख्खा स्टँड हसला. हमाल हसले, कंडक्टर हसले, बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर काढून लोक शोधायला लागले, कोण तो दातवाला. दातवालेही हसले. डबा आत सरकवला आणि हसत हसत घरी गेले. त्यानंतर बाजारात कोणी ना कोणी विचारायचंच, ‘काय दातवाले, मंडळी उपाशी नाहीत ना?’ ते दर वेळी हसायचे. दर वेळी. बाई तर तो डबा केव्हाच विसरली होती.

पन्नाशीच्या आधीच तिच्या हिरड्या सुजल्या. मग पुढचा दात हलला, मग शेजारचा, मग सगळी रांगच. डॉक्टरांनी सांगितलं, एकही ठेवण्यासारखा नाही. दात गेल्याचं तिला दुःख नव्हतं, दिसण्याचं तर त्याहून नव्हतं. ती एकाच गोष्टीसाठी रडली. ‘अहो, माझा माईक जाईल हो.’

‘वेडी का खुळी!’ दातवाले म्हणाले. ‘मी कशाला बसलोय इथे? असा सेट लावतो की स्टँडवर कोणाला कळणारसुद्धा नाही.’

स्टँडचे मॅनेजर भला माणूस. म्हणाले, ‘बाई, दात बसवून या. एकदा माईकवर आवाज ऐकू, खुर्ची तुमचीच.’ तोवर बदलीची मुलगी बसली खोक्यात. बाई घरी तोंडावर पदर धरून दिवस ढकलायला लागली. पेज प्यायची आणि मनातल्या मनात गाड्या पुकारायची. बाईचा सगळा जीव त्या एका खुर्चीत अडकला होता.

आता दातवाल्यांच्या कामाची एक रीत सांगायला हवी. दात आधी मेणात बसवून बघतात. मेण मऊ असतं, दात इकडचा तिकडे करता येतो. तेव्हा दातवाले गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचे, मेणाचा सेट तोंडात द्यायचे आणि एकसष्टपासून मोजायला लावायचे. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट, थेट एकोणसत्तरपर्यंत. ‘सदुसष्टला जो अडखळला नाही, तो कुठेच अडखळणार नाही,’ असं त्यांचं म्हणणं. हमाल असो की हेडमास्तर, मोजल्याशिवाय खुर्चीतून सुटका नाही. बाई आतल्या खोलीतून हे आकडे वर्षानुवर्षं ऐकत आली होती.

तिला त्यांनी मोजायला लावलं नाही. मेणाचा सेट तोंडात दिला, आरसा पुढे धरला आणि म्हणाले, ‘बघ, कशी छान दिसतेस.’ तिने तोंड उघडलं तर म्हणाले, ‘मेण आहे, बोलू नकोस, हलेल.’ तिला जरा चमत्कारिक वाटलं. पण नवऱ्याचा हात आहे, वेगळं काहीतरी ठाऊक असेल, असं तिने मनाला समजावलं. विश्वास टाकला की माणूस कान बंद करतो.

पक्का सेट तोंडात बसला त्या दिवशी तिने आरशासमोर उभं राहून आपलं वाक्य म्हटलं. सकाळी, शिट्टी. साडेसहाची, दोन शिट्ट्या. सात, सुटण्यासाठी, सज्ज. कुकर लागल्यासारखं झालं.

‘अहो, शिट्टी येतेय!’

‘येणारच,’ दातवाले दुसऱ्याचा साचा घासत म्हणाले. ‘नवा आहे. सेट व्हायला वेळ लागतो.’

ती सराव करत राहिली. तोंडात पाण्याचा घोट धरून, जिभेखाली लवंग ठेवून, उशीत तोंड खुपसून. शिट्टी काही जाईना. ‘थोडं कुठेतरी घासून बघा ना,’ ती म्हणाली. त्यावर दातवाले म्हणाले, ‘घासला की ढिला पडेल. माईकसमोर तोंडातून सेट पडलेला चालेल तुला?’ दुसऱ्या कोणाकडे जायची सोय नव्हती. दातवाल्याच्या बायकोने दुसरीकडे दात दाखवायचे म्हणजे नवऱ्याच्या धंद्याला काळं फासायचं. डॉक्टरांना तिने हळूच विचारलं, तर त्यांची सगळी कामं दातवाल्यांकडे. ते म्हणाले, ‘घरचाच कारागीर आहे, बाई, काळजी कसली? सवय होईल.’ आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगते कोणाला?

माईकवर बसायचा दिवस आला. मॅनेजर खोक्याबाहेर उभे होते. बाईने पंखा बंद केला, कपाळ पुसलं आणि आपलं लाडकं वाक्यच घेतलं. दुसरं घ्यायला हवं होतं, हे नंतर सगळ्यांनी सांगितलं. पण तिला वाटलं, ह्याच वाक्याने मी खुर्ची मिळवली, हेच मला ती परत देईल.

भोंग्यातून जी शिट्टी निघाली ती घरातल्यासारखी बारीक नव्हती, भोंग्याने ती दहा पटींनी मोठी केली. आणि सात नंबरच्या फलाटावर खरोखरच बस उभी होती. कंडक्टरने शिट्टी मारली की गाडी सोडायची, एवढंच ड्रायव्हरला ठाऊक. त्याने शिट्टी ऐकली, गाडी सोडली. एक म्हातारा पहिल्या पायरीवर एक पाय ठेवून दांड्याला लोंबकळत होता. तो पडला. गुडघा गेला बिचाऱ्याचा, कायमचा.

लोक आधी हसले, मग ओरडले, आणि म्हाताऱ्याला उचलून नेल्यावर पुन्हा हसले. पोरं काचेच्या खोक्याभोवती जमून शिट्ट्या मारायला लागली. आत बाई माईक धरून बसली होती. पंखा बंदच होता.

‘बाई,’ मॅनेजर म्हणाले, ‘माझ्या हातात आता काही राहिलं नाही.’ त्यांचं तरी काय चुकलं?

गावाला दुसरं नाव ठेवायला किती वेळ लागतो? माईकबाईची शिट्टीबाई झाली. दातवाल्यांनी घरी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. ‘जाऊ दे गं. इथे काम काय कमी आहे? मला हात हवेच आहेत.’ दुसऱ्या दिवसापासून बाई बाहेरच्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, पॉलिशच्या मोटरवर बसली. ओल्या भुकटीत बुडवून लोकांचे दात चकचकीत करायचे. मोटरचा आवाज असा की त्यात आपलाही आवाज ऐकू येत नाही. ते तिला बरं वाटायचं.

आणि ती बोलायची कमी झाली म्हणाल, तर नुसती कमी नाही झाली. तिने ‘स’ घराबाहेर काढला. साखरेला ती गोड म्हणायला लागली, सकाळला उजाडल्यावर. सुरीला चाकू, सेटला दात. शब्द निवडून बोलायचे म्हणजे बोलणं हळू होतं, आणि हळू बोलणाऱ्या बाईचं बोलणं संपेपर्यंत कोण थांबतं? लेकसुद्धा थांबायची नाही. तिला बघायला पाहुणे यायचे होते, तेव्हा कपाटातला कपबशांचा सेट निघाला, आणि लेक आईजवळ येऊन लाडात म्हणाली, ‘आई, तू नुसती हस हं. बोलू नकोस.’ बाई हसली. पाहुणे गेल्यावर बाप म्हणाला, ‘चला, पोरगी सेट झाली.’ बाई कप धूत होती. एक कप तिच्या हातून फुटला, त्यावरून तिला बोलणी बसली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

अशी वर्षं गेली. मग एके दुपारी वकीलसाहेब आले. मोठं प्रस्थ, गाडी दारात, ड्रायव्हर गाडीत. त्यांच्या नव्या सेटला शिट्टी येत होती आणि कोर्टात ‘साहेब’ म्हटलं की समोरची बाजू दात काढत होती. वकीलसाहेब तापले होते.

‘बसा, बसा,’ दातवाल्यांनी खुर्ची पुसली. ‘पाच मिनिटांचं काम.’ त्यांनी सेट काढून घेतला, पुढच्या दोन दातांच्या मागे जिथे जीभ टेकते तिथे मेणाचा चिमूटभर गोळा दाबला, बोटाने सारखा केला आणि परत तोंडात दिला. ‘हं, एकसष्टपासून मोजा.’

वकीलसाहेब एकोणसत्तरपर्यंत मोजत गेले. शिट्टी गेली होती.

‘अहो, जादू केलीत!’

‘जादू कसली? दातांमागे खाच राहिली की हवा तिथून निसटते आणि शिट्टी वाजते. खाच भरली, शिट्टी गेली. हे तर शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात सांगतात.’ आता मेणाच्या जागी पक्कं भरून देतो म्हणून ते उठले.

तीन हातांवर बाई बसली होती. मोटर बंद होती, ती पॉलिशचं कापड बदलत होती. तिला ऐकू जाईल हे दातवाल्यांच्या मनातही आलं नाही. मुद्दाम ऐकवलं असतं तर एक वेळ परवडलं असतं. ते विसरून गेले होते. खोलीत मोटर होती, मेण होतं, साचे होते, तशी ती होती.

बाई उठली, मागच्या मोरीपाशी गेली आणि दात काढून हातावर घेतले. अंगठा आतून फिरवला. पुढच्या दोन दातांच्या मागे, बरोबर मधोमध, खाच होती. अरुंद आणि खोल. तरी तिने म्हटलं, राहिली असेल चुकून, माणूस आहे. मग तिने दात उजेडात धरले. एवढी वर्षं ती लोकांचे दात चमकवत होती, चमक तिला कळत होती. खाचेच्या दोन्ही कडा गोल केलेल्या होत्या. तळापर्यंत पॉलिश होतं, आरशासारखं. चुकून राहिलेल्या खाचेला कोणी पॉलिश करत नाही.

तिथे मोरीपाशी तिला तो डबा आठवला. छातीशी धरलेला.

तुम्ही म्हणाल, तिने जाऊन त्याच्या तोंडावर दात फेकून मारायला हवे होते. मलाही तसंच वाटतं, माझे तर हात शिवशिवतात. पण बाईने दात धुतले, तोंडात घातले आणि मोटरवर जाऊन बसली. खाच तिला त्याच दुपारी भरता आली असती. तिने भरली नाही. तिने काय केलं, तर पॉलिश आटोपलं की दातवाल्यांच्या खांद्यामागे उभं राहून त्यांचे हात बघायला सुरुवात केली. ‘मला पण दात लावायला शिकवा,’ ती म्हणाली. शब्द निवडलेले, ‘स’ एकही नाही. दातवाल्यांना बरंच वाटलं. हात थकत चालले होते त्यांचे.

थकता थकता ते थरथरायला लागले. मेणात दात धरला की तो लटपटायचा. मग हळूहळू लावायचं सगळं काम बाईकडे आलं. पुढे बसून गिऱ्हाइकाशी बोलायचं, मोजून घ्यायचं आणि नाव कमवायचं काम दातवाल्यांकडे राहिलं. बोलण्याची त्यांना आता चटकच लागली होती. बायको गप्प झाल्यापासून ते घरात बोलके झाले होते, हे कोणाच्या लक्षात आलं नसेल, तिच्या आलं होतं.

त्यांचे स्वतःचे दात गेले त्याच वर्षी दात बनवणाऱ्यांच्या संघटनेने त्यांचा सत्कार करायचं ठरवलं. मोठा हॉल, स्टेज, माईक. दातवाल्यांना आकाश ठेंगणं झालं. भाषण त्यांनी आधीच रचलं होतं आणि बोळक्या तोंडाने ते घरभर म्हणत फिरायचे. ‘मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात शब्द परत ठेवले.’ हे पहिलं वाक्य. ते म्हणताना त्यांचे डोळे भरून यायचे, खरंच यायचे.

‘माझा सेट तूच लाव,’ ते म्हणाले. ‘पण जीव ओतून लाव. माईकवर बोलायचंय मला.’

‘हो,’ बाई म्हणाली.

आणि तिने जीव ओतला. असा सेट त्या खोलीत कधी बनला नव्हता. मेणात असताना त्यांना खुर्चीत बसवून एकसष्टपासून मोजून घेतलं, सदुसष्टला काडीचा अडथळा नाही. दातवाले खूश. ‘बघ, कोणाच्या हाताखाली शिकलीस!’ त्याच कामात, त्यांचा डोळा लागला की, तिने आणखी एक सेट लावला. आपल्या मापाचा.

सत्काराच्या आदल्या दिवशी तिने पक्का सेट त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो बसवला, ओठ मिटले, उघडले, जीभ फिरवली.

‘जरा जाड वाटतोय गं.’

‘नवा आहे,’ बाई म्हणाली. ‘सेट व्हायला वेळ लागतो.’

दातवाल्यांची जीभ तोंडातल्या तोंडात थांबली. किती वर्षांनी त्या घरात तिच्या तोंडून ‘स’ आला होता, आणि तो काचेसारखा स्वच्छ होता.

‘काय म्हणालीस?’

‘सेट व्हायला वेळ लागतो, असं म्हटलं. सगळ्यांनाच लागतो. सकाळ-संध्याकाळ सराव करा, सहज सुटेल.’

ती आत गेली. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज आला, मग भांडी थांबली आणि तिचा आवाज आला, तो जुना, भोंग्यातला, सगळ्या स्टँडने ऐकलेला. ‘सकाळी साडेसहाची बस सात नंबरच्या फलाटावरून सुटण्यासाठी सज्ज आहे.’

दातवाले गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले आणि मोजायला लागले. एकसष्ट. शिट्टी आली का? बासष्ट. आली, नक्की आली. आलेली नव्हती हो! सेट चोख होता, मी सांगते ना. पण ज्याने खाच कोरली त्याला प्रत्येक दातामागे खाच दिसणार. त्यांनी लेकीला फोन लावला. ‘ऐक गं, शिट्टी येतेय का?’

‘नाही बाबा, काहीच नाही.’

‘फोनवर काय कळतंय तुला!’ फोन आपटला.

जाड आहे, ते पुटपुटले, मागे जाड ठेवलाय तिने, मुद्दाम, जीभ अडकावी म्हणून. त्यांनी सेट काढला, घासायची मोटर लावली आणि थरथरत्या हाताने पुढच्या दातांच्या मागे टोक टेकवलं. थोडंसंच घासायचं होतं. हात हलला. टोक घसरलं आणि आत गेलं.

पुन्हा तोंडात घालून ‘एकसष्ट’ म्हटलं, तेव्हा शिट्टी खरी आली. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू गेली.

उजाडल्यावर ते बाईसमोर आले. ती आरशापुढे केस विंचरत होती. त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर सेट. बोळक्या तोंडाने म्हणाले, ‘एवढं भरून दे.’

‘किती वेळाचं काम आहे?’

‘पाच मिनिटांचं,’ ते म्हणाले.

बाईने सेट उचलला, खिडकीशी नेला, उजेडात धरून आतून पाहिला. अंगठा फिरवला. ‘घाईत कोरलेली दिसते,’ ती म्हणाली. ‘कडा तशाच आहेत. पॉलिश राहिलंय.’

दातवाल्यांनी मान वर केली नाही. चुकलं म्हणायला तोंड उघडलं असतं, तर कदाचित तिने मोटर लावलीही असती. तेही त्यांनी केलं नाही. ती त्यांच्या हातावर सेट ठेवून म्हणाली, ‘चला, उशीर होतोय.’

हॉल भरला होता. सगळे दातांच्या धंद्यातले, एकमेकांची कामं नजरेनेच तपासणारे. अध्यक्षांनी दातवाल्यांचं तोंड भरून कौतुक केलं, हातात भिंतीवरचं मोठं घड्याळ दिलं आणि माईक पुढे केला. ‘आता सत्कारमूर्ती दोन शब्द बोलतील.’ दातवाले उठले. माईकसमोर उभे राहिले. पहिल्या वाक्यात ‘स’ नव्हता, ते वाक्य निभलं असतं; पुढे ‘साहेब’, ‘संघटना’, ‘सत्कार’, सगळी रांग उभी होती. ओठ मिटलेले. घड्याळ छातीशी धरलेलं. लोकांना वाटलं, गहिवरले. टाळ्या पडल्या. टाळ्या संपल्या तरी ओठ मिटलेलेच.

अध्यक्ष गडबडले. पहिल्या रांगेत बाई होती, तिच्याकडे वळून म्हणाले, ‘वहिनी, तुम्ही तरी या.’

वहिनी आली. माईक तिने बोटाने जरा खाली केला, असा की बघणाऱ्याला कळावं, हे बोट माईकवर नवं नाही. स्टेजवर पंखा होता. बंद करायला तिने क्षणभर हात पुढे केला, मग मागे घेतला.

‘सभ्य स्त्री-पुरुषहो,’ ती म्हणाली, आणि तो आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. ‘आमच्या संसारात बोलायचं काम ह्यांचं. आज त्यांना समजून घ्या. सेट नवीन आहे, काल स्वतःच्या हाताने सुधारून घेतलाय त्यांनी. जरा शिट्टी येते, म्हणून संकोचतात. सेट व्हायला वेळ लागतो, हे तुम्हा सगळ्यांना मी काय सांगायचं?’

दात बनवणाऱ्यांच्या भर सभेत, दात बनवणाऱ्याच्याच सेटला शिट्टी! हॉलमध्ये हशा फुटला. मागच्या रांगांतल्या एकाने तोंडात बोट घालून सणसणीत शिट्टी ठोकली, मग दुसऱ्याने. अध्यक्ष रुमालात हसले. दातवालेही हसले, सवय होती त्यांना. पण हसताना ओठ उघडले, आणि माईक समोरच होता.

परत येताना बाई एकटीच स्टँडवर उतरली. काचेचं खोकं तिथे नव्हतं. खांबावर एक पेटी लावली होती, तिच्यातून कुठल्याशा मुलीचा भरून ठेवलेला आवाज गाड्या पुकारत होता. सपाट, पण स्वच्छ. चौकशीच्या खिडकीतल्या पोराला तिने विचारलं, ‘इथे आधी एक बाई पुकारायच्या ना?’ ‘ती शिट्टीबाई?’ पोरगा हसला. ‘ऐकून आहे.’ बाई तिथे एक गाडी सुटेपर्यंत उभी राहिली आणि चालत घरी आली.

तिचा आवाज परत आला तो असा. रोज ऐकायला मात्र एकच माणूस उरला. ते घड्याळ बाहेरच्या खोलीत भिंतीवर लागलं. दातवाले त्याच्याखाली गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून असतात, अधूनमधून हळूच ‘एकसष्ट’ म्हणून बघतात आणि थांबतात. गिऱ्हाईक आलं तर बाई बोलते. ‘भरून दे ना गं,’ असं ते अजून म्हणतात. ‘देईन की,’ बाई म्हणते, ‘घाई कसली?’ आणि जेवणवेळ झाली की स्वयंपाकघरातून आवाज येतो, एकेक अक्षर सुटं, शेजारीपाजारी ऐकू जाईल असा.

‘दातवाले, दातवाले, जिथे असाल तिथून स्वयंपाकघरात या. आपली पेज गार होत आहे.’

दातवाले उठतात आणि आत जातात.